पदवीच्या पहिल्या वर्षातील अर्थशास्त्र : अभ्यास नेमका कसा करावा?

अर्थवाट (धागाकर्ती)

गोव्यातील महाविद्यालयांत नवे वर्ष सुरू होऊन पहिल्या अंतर्गत परीक्षेचे पेपर हातात पडले की अर्थशास्त्र घेतलेल्या मुलांचे चेहरे उतरतात. बारावीपर्यंत चांगले गुण मिळवत आलेली, वर्गात नियमित बसणारी आणि फळ्यावरचे सगळे वहीत उतरवून घेणारी मुलेही या एका विषयात मागे पडतात. हा विषय मी पहिल्या वर्षाला अनेक वर्षे शिकवत आहे आणि माझे ठाम मत आहे की यात मुलांची बुद्धी किंवा मेहनत कमी पडत नाही. कमी पडते ती अभ्यासाची रीत. धडा दोनदा वाचला, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्या आणि व्याख्या पाठ केल्या की अभ्यास झाला, अशी समजूत असते. अर्थशास्त्रात मात्र एका बदलातून दुसरा बदल कसा निघतो ते क्रमाने दाखवायचे असते आणि ते स्वतःच्या हाताने कागदावर करून पाहिल्याखेरीज अंगवळणी पडत नाही.

दरवर्षी हमखास विचारण्यासारखा एक प्रश्न घेऊ. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. या काळात मासळीच्या बाजारात काय घडते, ते मागणी आणि पुरवठ्याच्या आकृतीने स्पष्ट करा. उत्तरपत्रिकांत पुष्कळदा असे उत्तर सापडते : ‘बंदीमुळे पुरवठा घटतो. पुरवठा घटल्यामुळे भाव वाढतो. भाव वाढल्यामुळे मागणी घटते. मागणी घटल्यामुळे भाव पुन्हा कमी होतो.’ चारही वाक्ये वाचताना खरी वाटतात, तरीही उत्तर फिरून जिथून निघाले तिथेच येऊन थांबते आणि बंदीच्या काळात बांगडा महाग होतो की स्वस्त, हे लिहिणाऱ्यालाच सांगता येत नाही.

चूक तिसऱ्या वाक्यात आहे. भाव वाढल्यामुळे ‘मागणी’ घटलेली नाही. वाढलेल्या भावाला लोक जेवढी मासळी घेतात तेवढी मात्रा घटली आहे. मागणीचा वक्र, म्हणजे कोणत्या भावाला लोक किती घेतील ते दाखवणारी रेषा, आपल्या जागी स्थिर आहे आणि आपण त्याच वक्रावर वरच्या बिंदूकडे सरकलो आहोत. वक्र हललाच नसेल तर चौथ्या वाक्याला आधारच उरत नाही. भाव एकदा वाढतो आणि नव्या समतोलाला, म्हणजे मागणी आणि पुरवठ्याचे वक्र जिथे छेदतात त्या बिंदूला, स्थिरावतो, एवढेच या आकृतीचे म्हणणे आहे.

आता श्रावण घ्या. श्रावण लागला की गोव्यातील अनेक हिंदू घरांत मासळी शिजत नाही. इथे लोकांनी खरेदी थांबवली ती भाव वाढला म्हणून थांबवलेली नाही; तोच भाव असता तरी त्यांनी मासळी घेतली नसती. म्हणून इथे मागणीचा संपूर्ण वक्रच डावीकडे सरकतो. त्याच सुमारास बंदी उठून १ ऑगस्टपासून ट्रॉलर समुद्रात जाऊ लागले तर पुरवठ्याचा वक्र उजवीकडे सरकतो. दोन्ही बदल भावाला खालीच ढकलतात, तेव्हा भाव उतरणार हे निश्चित. विकल्या जाणाऱ्या मासळीची मात्रा वाढेल की घटेल, हे मात्र कोणता वक्र किती सरकला यावर अवलंबून असल्यामुळे नुसत्या आकृतीवरून सांगता येत नाही. ‘सांगता येत नाही’ असे कारणासह लिहिणे हेच इथे पूर्ण गुणांचे उत्तर आहे आणि नेमके तेच लिहायला मुले घाबरतात.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की पेन्सिल उचलण्यापूर्वी स्वतःला विचारावे : नेमके काय बदलले, ते घेणाऱ्यांच्या बाजूचे आहे की विकणाऱ्यांच्या, आणि ते त्या वस्तूच्या स्वतःच्या भावाखेरीज दुसरे काही आहे का? उत्पन्न, आवडनिवड, पूरक किंवा पर्यायी वस्तूंचे भाव, ग्राहकांची संख्या, पुढच्या भावाविषयीची अपेक्षा यांपैकी काही बदलले असेल तरच मागणीचा वक्र सरकतो. हे ठरल्यावर अक्षांना नावे द्यावीत, जुना समतोल दाखवावा, एका बदलासाठी एकच वक्र हलवावा, बाण काढावा, नवा समतोल दाखवावा आणि आकृतीखाली दोन वाक्यांत कारण लिहावे. नावे नसलेल्या अक्षांची आकृती कितीही सुबक असली तरी ती परीक्षकाला काहीच सांगत नाही.

दुसरा मुद्दा वाचनाचा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले होते. काहींनी तो उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो बाजूला ठेवून जेवढे आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे निघाले. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते. तेव्हा वर्गात जे झाले ते त्याच संध्याकाळी पुस्तक आणि वही मिटून कोऱ्या कागदावर उतरवावे, आकृत्या न बघता काढाव्यात आणि नंतरच वही उघडून ताडून पाहावे. जिथे हात अडला तेवढाच भाग पुन्हा वाचावा. याला अर्धा-पाऊण तास पुरतो आणि रात्री उशिरापर्यंत केलेल्या वाचनापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

तिसरे म्हणजे, या विषयाचे धडे एकमेकांवर उभे असतात. लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मात्रा किती प्रमाणात बदलते ते मोजणारी संकल्पना, कच्ची राहिली तर कराचा भार ग्राहकावर किती आणि विक्रेत्यावर किती पडतो, ते समजत नाही; सीमांत खर्च, म्हणजे आणखी एक नग तयार करण्याचा वाढीव खर्च, कच्चा राहिला तर पूर्ण स्पर्धा आणि मक्तेदारी हे दोन्ही धडे अंधारात जातात. आपल्याकडे चवथीची सुट्टी सत्राच्या ऐन मध्यावर येते. तोवर लवचिकता अर्धी शिकवून झालेली असते आणि सुट्टीनंतर वर्ग पुढच्या धड्याकडे वळतो. सुट्टीत अभ्यास करा असे मी म्हणणार नाही, सण हा सण आहे. पण परत येण्याच्या आदल्या दिवशी मागच्या दोन धड्यांच्या आकृत्या एकदा काढून पाहाव्यात, एवढी विनंती मी प्रत्येक वर्गाला करते.

इथे विद्यार्थी, पालक, शिक्षक सगळेच आहेत. आपापले प्रश्न आणि अनुभव मांडावेत.

केपेवाली

मॅडम, मी पहिल्या वर्षाला आहे. माझे प्राथमिक शिक्षण मराठी शाळेत झाले आणि पुढे सगळे इंग्रजीतून. अर्थशास्त्राचे पाठ्यपुस्तक वाचताना एकेक वाक्य समजते, पण पान संपले की काय वाचले ते सांगता येत नाही. अशा वेळी नोट्स मराठीत काढाव्यात का? आणि दुसरा प्रश्न लवचिकतेचा आहे. वर्गात दोन सूत्रे शिकवली आणि दोन्हींची उत्तरे वेगवेगळी येतात. मग खरे उत्तर कोणते धरायचे?

अर्थवाट

विचार ज्या भाषेत सहज होतो त्या भाषेतच करावा, त्यात संकोच बाळगण्याचे काहीही कारण नाही. संज्ञा मात्र परीक्षेत लिहायची तशीच ठेवावी आणि तिच्यापुढे स्वतःच्या शब्दांत, हवे तर मराठीत किंवा कोकणीत, दोन ओळींचे स्पष्टीकरण आणि आपल्या परिसरातले एक उदाहरण लिहावे. आठवड्यातून एकदा त्यांपैकी एखादे उत्तर इंग्रजीत पूर्ण लिहून पाहावे, म्हणजे परीक्षेच्या वेळी वाक्यरचनेसाठी अडखळावे लागत नाही.

पान संपल्यावर काही सांगता येत नाही, याचे एक कारण वाचण्याचा वेगही असू शकते. या विषयाची तीन-चार पाने तासाभरात झाली तरी ती थोडी नव्हेत. प्रत्येक आकृतीपाशी थांबून ती पुस्तकाबाहेर स्वतः काढल्याशिवाय पुढचा परिच्छेद वाचू नये.

लवचिकतेचा प्रश्न तुम्ही फार नेमका विचारला आहे. उदाहरणासाठी आकडे घेऊ. बांगड्याचा भाव किलोला २०० रुपयांवरून २५० रुपये झाला आणि एका लहान बाजारातील रोजची विक्री १०० किलोवरून ८० किलोवर आली. साध्या सूत्राने भाव २५ टक्क्यांनी वाढला आणि मात्रा २० टक्क्यांनी घटली, म्हणून लवचिकता ०.८. आता तोच प्रवास उलट दिशेने करा. भाव २५० वरून २०० वर आला, म्हणजे २० टक्क्यांनी उतरला, मात्रा ८० वरून १०० वर गेली, म्हणजे २५ टक्क्यांनी वाढली, लवचिकता १.२५. वक्राचा तोच तुकडा, पण चढताना मागणी अलवचीक (१ पेक्षा कमी) आणि उतरताना लवचीक (१ पेक्षा जास्त) असे दोन निकाल लागले. प्रत्येक वेळी आपण टक्केवारी वेगळ्या पायावर काढली, म्हणून हे झाले.

मध्यबिंदू पद्धत हीच अडचण दूर करते. भावातील बदल ५०, दोन भावांची सरासरी २२५, म्हणून बदल सुमारे २२.२ टक्के. मात्रेतील बदल २०, दोन मात्रांची सरासरी ९०, म्हणून बदल पुन्हा सुमारे २२.२ टक्के. लवचिकता बरोबर १ येते आणि दिशा कोणतीही घेतली तरी एकच येते. ती बरोबर आहे का, हे ग्राहकांच्या एकूण खर्चावरून पडताळता येते. आधी २०० गुणिले १०० म्हणजे २०,००० रुपये आणि नंतर २५० गुणिले ८० म्हणजे पुन्हा २०,००० रुपये. भाव बदलूनही एकूण खर्च तेवढाच राहिला, म्हणजे लवचिकता १ असणार.

तेव्हा दोन बिंदूंमधील मोठा बदल दिला असेल तर मध्यबिंदू पद्धत वापरावी, प्रश्नात पद्धत सांगितली असेल तर तीच वापरावी आणि दोन्ही वेळा एकूण खर्चाची पडताळणी करावी. सूत्र पाठ असूनही आपले उत्तर शक्य कोटीतले आहे की नाही हे ज्याला ओळखता येत नाही, त्याचे गुण परीक्षेच्या घाईत जातात.

आल्तिनो

मीही हाच विषय शिकवतो, मात्र माझा कल गणिताकडे आहे, म्हणून थोडे वेगळे मत नोंदवतो. आकृत्यांवर आपण गरजेपेक्षा जास्त भिस्त ठेवतो, असे मला वाटते. वक्र हाताने काढला की तो किती सरकवायचा याला धरबंध राहत नाही आणि मूळ धाग्यातील त्या गोल उत्तरासारखी उत्तरे तयार होतात. दोन साधी समीकरणे मांडली तर ती शक्यताच संपते.

वरचेच आकडे घेऊ. मागणी : मात्रा = १८० वजा ०.४ गुणिले भाव. बंदीपूर्वीचा पुरवठा : मात्रा = ०.५ गुणिले भाव. दोन्ही समान धरले तर भाव २०० आणि मात्रा १००. बंदीमुळे प्रत्येक भावाला पुरवठा ४५ किलोंनी घटला असे समजू, म्हणजे नवा पुरवठा : ०.५ गुणिले भाव वजा ४५. पुन्हा समान धरा : १८० वजा ०.४ भाव = ०.५ भाव वजा ४५. म्हणजे ०.९ गुणिले भाव = २२५, म्हणून भाव २५० आणि मात्रा ८०.

यात एक गोष्ट दिसते ती आकृतीत चटकन दिसत नाही. पुरवठा ४५ किलोंनी घटला, तरी बाजारातील विक्री फक्त २० किलोंनी कमी झाली. भाव वाढल्यामुळे उरलेल्या विक्रेत्यांनी २५ किलो जास्त आणले आणि चढ्या भावामुळे ग्राहकांनी खरेदी २० किलोंनी कमी केली. भाव किती वाढायचा ते याच दोन प्रतिसादांवर ठरले. ‘मागणी घटल्यामुळे भाव पुन्हा कमी होतो’ या वाक्याला समीकरणात शिरायला कुठेही जागा नाही.

गणितात बरी असलेली मुले आणखी एका ठिकाणी अडखळतात. गणितात स्वतंत्र चल आडव्या अक्षावर घेतात. इथे भाव कारण असूनही तो उभ्या अक्षावर असतो. अल्फ्रेड मार्शल यांच्या १८९० मधील ग्रंथानंतर ही पद्धत रूढ झाली आणि आजही ती तशीच आहे. त्यामुळे वरच्या मागणीच्या समीकरणातील ०.४ हा वक्राचा उतार म्हणून आकृतीत वापरता येत नाही. आकृतीतला उतार उणे २.५ असतो. हे एकदा सांगितले की ती मुले भराभर पुढे जातात, पण कोणीतरी ते सांगावे लागते.

अर्थवाट

सर, हे आकडे मी माझ्या वर्गात नक्की वापरेन. ४५ आणि २० यांतला फरक इतक्या थोडक्यात मांडलेला मी पाहिला नव्हता.

क्रमाबद्दल मात्र माझे मत कायम आहे. दहावीनंतर गणित सोडलेली पुष्कळ मुले कला शाखेतून या विषयाकडे येतात आणि पहिल्याच आठवड्यात समीकरण दिसले की त्यातली काही मनाने वर्गाबाहेर जातात. त्यांच्यासाठी आधी कारण शब्दांत, मग आकृती आणि तिसऱ्या पायरीवर समीकरण, हा क्रम मला योग्य वाटतो. टक्केवारी, सरासरी, सरळ रेषेचा उतार आणि दोन समीकरणे सोडवणे, एवढेच गणित पहिल्या वर्षाला लागते. तेवढे दहावीच्या पुस्तकातून पहिल्या पंधरवड्यात उजळून घ्यावे. ते टाळून हा विषय पुढे नेता येत नाही, याबाबत आपले दोघांचे एकमत आहे.

वाळवंटी

माझा मुलगा डिचोलीहून रोज बसने महाविद्यालयात ये-जा करतो. अभ्यास पुष्कळ करतो, पण अर्थशास्त्रात गुण येत नाहीत. शेजाऱ्यांनी शिकवणी लावायचा सल्ला दिला आहे. आपले काय मत आहे, मॅडम?

अर्थवाट

शिकवणीत तयार उत्तरे मिळणार असतील तर ती लावू नये, कारण मुलाला नेमके जे स्वतः करायचे आहे ते दुसरेच कोणीतरी करून देते. शिकवणारी व्यक्ती त्याच्याकडून आकृत्या काढून घेत असेल, त्याने लिहिलेले उत्तर वाचून कुठे साखळी तुटली ते दाखवत असेल, तर तिचा उपयोग आहे.

त्याआधी खर्चाविना होण्यासारख्या गोष्टी कराव्यात. त्याला आपल्या शिक्षकांकडे वर्गाबाहेर जायला सांगा आणि जाताना ‘मला काहीच समजत नाही’ असे न म्हणता स्वतः लिहिलेले एक उत्तर घेऊन जायला सांगा. त्यावर दहा मिनिटे बोलणे झाले तरी पुष्कळ उलगडते. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मिळतात. पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात शांतपणे बसायला जागा आहे आणि एकाच विषयावरची दोन-तीन वेगवेगळी पुस्तके शेजारी ठेवून तीच संकल्पना वाचता येते; एका पुस्तकात जी अडते ती दुसऱ्यात पुष्कळदा सुटते.

आपणही मदत करू शकता, त्यासाठी अर्थशास्त्र येण्याची गरज नाही. संध्याकाळी त्याला एखादी संकल्पना आपल्याला समजावून सांगायला लावा आणि न समजलेल्या प्रत्येक ठिकाणी ‘का?’ असे विचारा. तो जिथे ‘पुस्तकात तसे दिले आहे’ म्हणेल, तिथे त्याचा अभ्यास उरलेला आहे असे समजावे.

हिशेबनीस

मी बँकेत नोकरी करतो आणि आमच्याकडे नव्याने रुजू होणाऱ्या पदवीधरांना पाहून समग्र अर्थशास्त्राविषयी, म्हणजे संपूर्ण अर्थव्यवस्थेचा विचार करणाऱ्या भागाविषयी, काही सुचवावेसे वाटते. या भागात पातळी आणि दर यांतला गोंधळ सर्वांत जास्त आढळतो. चलनवाढीचा दर ६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला, ही बातमी वाचून ‘भाव उतरले’ असा अर्थ सर्रास घेतला जातो. १०० रुपयांची वस्तू पहिल्या वर्षी १०६ रुपयांना झाली आणि दुसऱ्या वर्षी ४ टक्क्यांनी वाढून ११० रुपये २४ पैशांना झाली. भाव चढलेच, फक्त चढण्याचा वेग मंदावला. हे उदाहरण एकदा स्वतः मांडले की पुन्हा चूक होत नाही.

असाच गोंधळ साठा आणि प्रवाह यांत होतो. राजकोषीय तूट, म्हणजे सरकारच्या खर्चाला कमी पडलेली आणि कर्जाने भरून काढलेली रक्कम, ही एका वर्षातील घटना आहे, तर सरकारी कर्ज हे त्या दिवसापर्यंत साठलेले ओझे आहे. पगार प्रवाह आहे आणि खात्यातील शिल्लक साठा आहे. कोणतीही संज्ञा वाचली की ‘ही एका काळात मोजतात की एका क्षणी?’ असे विचारण्याची सवय लावून घ्यावी.

वृत्तपत्र वाचा, असा सल्ला मुलांना नेहमी दिला जातो, पण कसे वाचायचे ते कोणी सांगत नाही. माझी सूचना अशी की आठवड्यातून एकच बातमी निवडावी आणि तिच्यामागची साखळी पूर्ण करावी. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीत सहा सदस्य असतात आणि चलनवाढ ४ टक्क्यांच्या आसपास, खालीवर २ टक्क्यांच्या पट्ट्यात ठेवणे हे तिचे उद्दिष्ट आहे. समितीने रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, वाढवला अशी बातमी आली तर बँकांना निधी महाग पडतो, कर्जावरील व्याज वाढते, घर आणि वाहन घेणारे थांबतात, उद्योग नवी यंत्रसामग्री पुढे ढकलतात, एकूण मागणी मंदावते आणि भावांवरील दाब कमी होतो, असे सहा-सात दुवे वहीत लिहावेत. मग प्रत्येक दुव्याशेजारी तो कधी तुटू शकेल ते लिहावे. उदाहरणार्थ, भाववाढ पावसाने भाजी नासल्यामुळे झाली असेल, तर कर्ज महाग करून भाजी वाढत नाही. दुसरा भाग लिहिणारी मुले कमी असतात आणि मुलाखतीत ती लगेच ओळखू येतात.

अर्थवाट

आपल्या शेवटच्या सूचनेला मी गोव्याचे एक उदाहरण जोडते. २०१२ मध्ये राज्यातील लोहखनिज खाणी थांबल्या, पुढे त्या काही काळ सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांतील मुलांनी याचे परिणाम घरात पाहिलेले आहेत. ट्रक उभे राहिले, बार्ज थांबल्या, मग गॅरेज, सुटे भाग विकणारी दुकाने, रस्त्याकडेची उपाहारगृहे यांचे गिऱ्हाईक घटले. एकाचा खर्च म्हणजे दुसऱ्याचे उत्पन्न, हे चक्राकार प्रवाहाच्या धड्यातील विधान आणि गुणकाची (खर्चातील एका बदलाने एकूण उत्पन्न किती पटींनी बदलते त्याची) संकल्पना या उदाहरणावरून जितकी स्पष्ट होते तितकी पुस्तकातील बाणांच्या चौकटीवरून होत नाही.

याच उदाहरणातून आणखी एक भेद शिकायला मिळतो. ‘खाणी थांबल्यावर ट्रकमालकांच्या उत्पन्नावर काय परिणाम झाला?’ हा वास्तवाचा प्रश्न आहे आणि आकड्यांनी त्याचे उत्तर तपासता येते. ‘खाणी पुन्हा सुरू व्हाव्यात का?’ या प्रश्नात शेती, पाणी, डोंगर आणि पुढच्या पिढ्यांचा वाटा यांना आपण किती महत्त्व देतो ते येते. नुसत्या आकड्यांनी त्याचा निकाल लागत नाही. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. परंतु उत्तर लिहिताना आपण कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहोत, ते विद्यार्थ्याला ठाऊक असले पाहिजे. पहिल्याचे उत्तर मागितलेले असताना तळमळीने दुसऱ्याचे उत्तर लिहिलेल्या पुष्कळ उत्तरपत्रिका माझ्या हाताखालून जातात आणि त्या मुलांचे गुण कापताना मला वाईट वाटते.

साळावलीकाठ

मॅडम, मी दुसऱ्या सत्राला आहे आणि आमचा राष्ट्रीय उत्पन्नाचा धडा चालू आहे. आपण सांगितल्याप्रमाणे परिसरातील उदाहरण घेऊन मी प्रश्न तयार केला आहे. माझे मामा तारवटी आहेत, परदेशी कंपनीच्या जहाजावर काही महिने असतात आणि मग घरी येतात. माझ्या मैत्रिणीचे वडील कित्येक वर्षांपासून कुवेतमध्ये राहतात आणि घरी पैसे पाठवतात. दोन्ही रकमा भारताच्या स्थूल देशांतर्गत उत्पादनात धराव्यात, असे मी लिहिले, कारण दोघेही भारतीय आहेत आणि पैसे गोव्यात खर्च होतात. हे बरोबर आहे का?

अर्थवाट

प्रश्न उत्तम तयार केला आहे. इतक्या जवळचे उदाहरण पुस्तकात सापडणार नाही. उत्तर मात्र बदलावे लागेल.

देशांतर्गत उत्पादनात देशाच्या आर्थिक हद्दीत झालेले उत्पादन मोजतात. काम करणाऱ्याचे नागरिकत्व कोणते आणि पैसे कुठे खर्च झाले, यावर ते ठरत नाही. मामांची सेवा परदेशी कंपनीच्या जहाजावर घडली, म्हणून त्यांचे वेतन भारताच्या देशांतर्गत उत्पादनात येत नाही. परंतु त्यांचे घर गोव्यात आहे, जहाजावरचा करार संपला की ते तिथेच परत येतात, म्हणजे आर्थिकदृष्ट्या ते भारताचे रहिवासी आहेत. त्यामुळे त्यांचे वेतन परदेशातून मिळालेले घटक उत्पन्न ठरते आणि देशाच्या रहिवाशांचे उत्पन्न मोजणाऱ्या स्थूल राष्ट्रीय उत्पन्नात धरले जाते.

मैत्रिणीच्या वडिलांचे तसे नाही. ते वर्षाहून अधिक काळ कुवेतमध्ये राहून तिथेच कमावतात, म्हणून पासपोर्ट भारतीय असला तरी हिशेबासाठी ते कुवेतचे रहिवासी मानले जातात. त्यांचे वेतन कुवेतच्या उत्पादनात आणि कुवेतच्याच राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जाते. ते घरी पाठवतात ती रक्कम कोणत्याही सेवेचा मोबदला नसून हस्तांतरण आहे. ती भारताच्या देशांतर्गत उत्पादनातही येत नाही आणि राष्ट्रीय उत्पन्नातही येत नाही. ती दिसते ती राष्ट्रीय खर्चयोग्य उत्पन्नात, म्हणजे देशाच्या रहिवाशांच्या हाती खर्चासाठी किंवा बचतीसाठी येणाऱ्या एकूण उत्पन्नात.

आता मैत्रिणीच्या आईने त्याच पैशांतून घराची डागडुजी करून घेतली, तर गवंड्याने केलेले काम मात्र यंदाच्या देशांतर्गत उत्पादनात धरले जाईल, कारण ते काम इथे आणि या वर्षी झाले. त्याच पैशांतून जुनी स्कूटर विकत घेतली तर काय धरायचे आणि काय नाही, ते तुम्ही लिहून इथे टाका. स्कूटर दलालामार्फत घेतली असेल तर त्याच्या दलालीचाही विचार करा.

साळावलीकाठ

स्कूटरची किंमत धरायची नाही, कारण ती ज्या वर्षी तयार झाली त्या वर्षीच्या उत्पादनात मोजली गेली आहे. आता फक्त मालक बदलला. दलालाने या वर्षी सेवा दिली, म्हणून त्याची दलाली धरायची. मामांचे आणि मैत्रिणीच्या वडिलांचे उत्तर मी वही मिटून पुन्हा लिहून पाहिले आणि हस्तांतरणाच्या ओळीपाशी अडखळले, तेवढा भाग उद्या परत लिहिणार आहे.

अर्थवाट

दोन्ही बरोबर आहेत. उद्या लिहाल तेव्हा तिसरी व्यक्तीही घ्या : एखादा परदेशी शेफ कळंगुटच्या हॉटेलात चार महिन्यांच्या हंगामापुरता काम करून परत जातो. त्याचे वेतन आपल्या देशांतर्गत उत्पादनात येते का, आणि राष्ट्रीय उत्पन्न काढताना त्याचे काय करायचे?